फ्रान्सचा शेंगेन व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज करताना काय बदलू?

रिकामी_बॅग

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचतेय. लिहायचा योग आज आला, तोही रडगाण्यानं.

काल पासपोर्ट परत आला. पाकीट फोडलं तर आत पासपोर्टाबरोबर घडी घातलेला एक कागद. काय ते तेव्हाच उमगलं, तरी आधी पासपोर्टाचं पान न् पान चाळलं, कुठेतरी स्टिकर चिकटला असेल म्हणून. मग कागद उघडला. छापील नमुना, कारणांची लांबलचक यादी, प्रत्येक कारणापुढे चौकोन. माझ्या वाट्याला दोन फुल्या. एक, मुक्कामाचा हेतू आणि तिथल्या राहण्याची व्यवस्था यांना कागदोपत्री आधार दिलेला नाही. दोन, व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे.

पहिली एक वेळ समजू शकते, पण दुसरी झोंबली. रात्रभर मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या अधिकाऱ्याशी भांडत होते. अहो, माझी आई इथे, मांजर इथे, मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते त्याचे पैसे देणारे लोक इथे. मी तिथे राहून करू काय?

माझा तपशील: वय ३४, एकटी, आठ वर्षं स्वतंत्र भाषांतरकार, म्हणजे नोकरी अशी नाही. याआधी थायलंड आणि जपान केलंय, दोन्हीकडून वेळेत परतलेय, पासपोर्टात शिक्के आहेत.

ठरवलेला प्रवास असा. ३ मेच्या रात्री विमान, ४ ला सकाळी पॅरिस. तिथे ७ पर्यंत. १० ते १२ स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन, १२ ते १४ व्हेनिस, १४ ते १६ रोम आणि १६ ला रोमहूनच परत. अर्ज फ्रान्सकडे केला. सोबत हॉटेलांची बुकिंगं, विमानाचं आरक्षण, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि कव्हर लेटर. शिल्लक जरा कमी वाटत होती म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी दादानं खात्यात पैसे टाकले. मला तीन महिन्यांत मिळतात तेवढे, एका दिवशी.

आता अपील करू की नवा अर्ज? नवा केला तर मध्ये किती दिवस थांबावं? आणि हा नकार कायमचा कपाळी बसला का? ९० युरो गेले ते गेलेच, त्याचं दुःख करत नाही. (खोटं बोलतेय. करतेय.)


खिडकीची_सीट

वाईट वाटलं वाचून. पण मनाला लावून घेऊ नका, व्हिसा म्हणजे नशिबाचा खेळ. माझं ऐकाल तर फ्रान्सचा नाद सोडा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट, त्यात २९ देश आहेत, जो पटकन देतो त्याच्याकडे अर्ज टाका. एकदा स्टिकर लागला की हवं तिथे फिरा, आत कोण विचारतंय? माझ्या मावसभावानं हेच केलं. आणि एखादा एजंट गाठा. तिकीट, हॉटेल सगळं 'तयार' करून देतात, आपण डोकं चालवायचं कामच नाही.


निवृत्त_खातेवही

रिकामी बॅग, एकच प्रश्न. ७ तारखेला तुम्ही पॅरिसचं हॉटेल सोडलंत आणि एकदम १० ला इंटरलाकेनला उगवलात. मधल्या तीन रात्री कुठे होतात? इथे लिहायचं राहिलं, की अर्जातही नव्हतं?


रिकामी_बॅग

काका (काका म्हटलं तर चालेल ना? नावावरून तसं वाटलं), बरोबर पकडलंत. अर्जातही नव्हतं.

त्या तीन रात्री लिऑनला. तिथे माझी कॉलेजातली मैत्रीण असते, सहा वर्षं झाली, दोघंही नवराबायको नोकरी करतात. खरं सांगायचं तर अख्खी सहल तिच्यासाठीच ठरली. तिचं बाळ दीड वर्षाचं झालं आणि मी त्याला फोनच्या पडद्याबाहेर अजून पाहिलेलं नाही. पण दोघातिघांनी बजावलं की तिथे ओळखीचं माणूस आहे असं कळलं की त्यांना वाटतं, ही आता तिथेच ठाण मांडणार. तिचं नाव कुठेही घेऊ नकोस. म्हणून कव्हर लेटरमध्ये फक्त 'नंतर लिऑन शहर पाहणे' एवढंच लिहिलं. मुक्कामाबद्दल चकार शब्द नाही. लिऑनला नावापुरतं हॉटेल बुक करून मागाहून रद्द करणार होते, पण ते फारच खोटं वाटलं म्हणून केलं नाही. थोडक्यात, धड खोटंही बोलले नाही आणि धड खरंही.


निवृत्त_खातेवही

काका चालेल. मग मीही अहोजाहो सोडतो.

आधी एक सांगून टाकतो, व्हिसा कार्यालयात मी कधी काम केलेलं नाही. बँकेत एकतीस वर्षं होतो आणि त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. तिथे अर्जदार समोर नसतो. त्याची आई, त्याचं मांजर, त्याचा सरळपणा यातलं काहीएक दिसत नाही. टेबलावर त्याचे कागद असतात आणि बाजूला आणखी चाळीस फायली वाट पाहत असतात. मग वाचणारा काय करतो, तर आकड्याला आकडा जुळतो का ते बघतो. तुझे मी काल रात्री एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर जुळवून पाहिले.

पॅरिस तीन रात्री, इंटरलाकेन दोन, व्हेनिस दोन, रोम दोन. झाल्या नऊ. विमानाच्या तारखांवरून रात्री होतात बारा. तीन बेपत्ता. हे पहिलं.

दुसरं याहून वाईट. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, असा शेंगेनचा नियम आहे. दिवस सारखेच पडत असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुझ्या कागदांवर फ्रान्सच्या तीन रात्री आणि इटलीच्या चार! कागदाच्या हिशेबानं तुझा अर्ज इटलीचा, आणि तू उभी फ्रान्सच्या दारात. वाचणाऱ्याला वाटणारच की ही बाई भलतीकडे का आली, हिचा खरा बेत काय आहे. लिऑनच्या तीन रात्री मांडल्या असत्यास तर फ्रान्स सहा, विषय संपला. जी गोष्ट तू लपवलीस तिच्याचमुळे तुझा अर्ज फ्रान्सकडे जायला हवा होता.

तिसरं पैशाचं. फ्रान्सनं रोजच्या खर्चाचे आकडे जाहीर केलेले आहेत. हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो. कोणी घरी ठेवून घेणार असल्याचं अधिकृत पत्र असेल तर निम्मे, ३२.५० युरो. आणि दोन्ही नसेल तर १२०. म्हणजे मैत्रिणीचं नाव गाळून तू लिऑनचे दिवस ३२.५० वरून १२० वर नेऊन ठेवलेस, वर शिल्लक कमी पडते म्हणून दादापुढे हात पसरलास. एक कागद टाळायचा म्हणून केवढी उस्तवारी!

त्या दादाच्या पैशांबद्दलही बोलतो. कर्जाच्या फायलीत अर्जाच्या तोंडावर अशी एकरकमी जमा दिसली की आम्ही शेजारी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढायचो. रकमेत काही पाप नसतं, पण तिच्यामुळे आधीचे सहा महिने उगाच दरिद्री दिसायला लागतात. तुझ्या स्वतःच्या शिलकीत वरच्या आकड्यांनी खर्च भागतो का ते मांडून बघ. माझा अंदाज, भागतो.

आता हसू नकोस, हाच गाढवपणा मी स्वतः करून बसलोय. मुलगी हॅम्बर्गला असते. आम्हा दोघांना पंचवीस दिवस जायचं होतं. कोणीतरी कानात सांगितलं, प्रवासाचं कारण 'पर्यटन' लिहा, सोपं जातं. फाईल करण्यात माझा हात कोण धरणार! मुदत ठेवींच्या पावत्या, पेन्शनचे कागद, घराचे कागद, ८४ पानं, रंगीत खुणेच्या चिठ्ठ्या लावून. आणि मुक्कामासाठी हॅम्बर्गातल्या हॉटेलचं पंचवीस रात्रींचं बुकिंग, अर्थात रद्द करता येणारं. नकार आला. तेव्हा माणशी ८० युरो होते, दोघांचे १६० पाण्यात. मी तणतणत म्हणालो, या लोकांना फाईल वाचता येत नाही. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेन्शनवरची दोन म्हातारी माणसं एकाच गावात पंचवीस दिवस हॉटेलात कशाला राहतील, हे मला फाईल न वाचताही कळतं." एकतीस वर्षांचा अनुभव तिथेच खाली बसला.

दुसऱ्या खेपेला सरळ लिहिलं, मुलीकडे जातोय. जर्मनीत यजमानाला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन खर्चाचं हमीपत्र करून देता येतं, शुल्क २९ युरो. त्याचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. तेवढं म्हणेपर्यंत रांगेतला आपला नंबर निघून जातो. ते पत्र, मुलीच्या निवासपरवान्याची प्रत आणि ती आमचीच मुलगी हे सांगणारा जन्मदाखला. फाईल २६ पानांची झाली आणि व्हिसा मिळाला.

फ्रान्समध्ये या पत्राला 'अतेस्तास्यों दाक्य' म्हणतात. मैत्रिणीनं स्वतः तिच्या भागातल्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, जाऊन काढायचं. तिचा निवासपरवाना, घराचा भाडेकरार किंवा मालकीचे कागद, पगाराचे कागद, तुझ्या पासपोर्टाचा तपशील आणि येण्याजाण्याच्या तारखा द्याव्या लागतात. ३० युरोंचा शुल्काचा मुद्रांक लागतो आणि पत्र नाकारलं तरी ते पैसे परत मिळत नाहीत. अर्जाला मूळ प्रत लागते, फोटो काढून पाठवलेली नाही. तेव्हा टपालाचे दिवस धरून चाल.


दोन_मुलं_तीन_बॅगा

काकांनी पहिल्या फुलीचं अगदी सालपट काढलंय. मी दुसरीबद्दल लिहिते, कारण मीही तुमच्यासारखीच घरून काम करणारी. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते.

नोकरदार माणूस कंपनीचं रजेचं पत्र जोडतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा, अमुक तारखेला कामावर हजर. त्यांना त्यातली शेवटची तारीख हवी असते. आपल्याला साहेबच नाही, तर रजा देणार कोण? मग ती तारीख दुसरीकडून आणायची. मी एका प्रकाशनाबरोबरचा करार जोडला होता, त्यात चित्रं देण्याचा दिवस आमच्या परतीनंतर दहाच दिवसांनी होता. तुम्ही ज्यांच्यासाठी नियमित काम करता त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या. इतकी वर्षं काम देतोय, पुढचं काम अमुक तारखेला द्यायचं ठरलंय, बस्स. शिवाय कामाची नोंदणी असेल तर ती आणि वर्षभरातली थोडी बिलं, पण अशी की बिलातली रक्कम स्टेटमेंटमध्ये जमा झालेली दिसली पाहिजे. मी तर पाच बिलांवर आणि स्टेटमेंटमधल्या त्याच पाच ओळींवर सारख्या रंगाचा मार्कर फिरवला होता. घरात शाळेच्या प्रकल्पाचे मार्कर पडलेलेच असतात.

कव्हर लेटरमध्ये 'मी नक्की परत येईन' असली वाक्यं घालू नका. कोणीही लिहितं ती. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तेवढं एका वाक्यात लिहा. मांजर राहू दे.

अपील की नवा अर्ज? नकाराच्या कागदावरच अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते दिलेलं असतं, आधी ते वाचा. माझं मत असं की कागद पुरे होते आणि तरी त्यांनी चुकीचा अर्थ लावला, तर अपील. तुमच्याकडे कागदच कमी होता. मग भांडून काय मिळणार, नवा अर्ज करा. किती दिवस थांबायचं याला सक्ती नाही, नकारानंतर लगेचही करता येतो. फक्त तोच गठ्ठा पुन्हा देऊ नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निदान पंधरा दिवस आधी तो पोचला पाहिजे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात. आणि बोटांचे ठसे आता दिलेत ना? ते ५९ महिने चालतात.

नकार कपाळी बसला का? बसला, पण पुसट. शेंगेनच्या व्हिसा माहिती प्रणालीत अशी नोंद पाच वर्षांपर्यंत राहते आणि ती सगळ्या सदस्य देशांना दिसते. म्हणून 'दुसऱ्या देशाकडे गेले की पाटी कोरी' असं काही नसतं. नकार आहे म्हणून पुन्हा नाकारतीलच असंही नाही. नव्या कव्हर लेटरमध्ये स्वतःच लिहा की मागचा अर्ज अमुक कारणानं नाकारला होता आणि तो कागद आता जोडला आहे. पुढे कधी ब्रिटनला जायचं झालं तर त्यांच्या फॉर्मात विचारतात, कुठल्याही देशानं व्हिसा नाकारलाय का. तिथे 'नाही' लिहाल आणि पकडल्या जाल तर दहा वर्षांची बंदी बसू शकते. 'हो' लिहिल्यानं इतकं काही होत नाही.

धाकटा येऊन कीबोर्डवर बसलाय, बाकी नंतर. (अवांतर: सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेनचं शुल्क नाही, सहा ते बारामधल्यांना निम्मं, ४५ युरो. आमच्या थोरल्याला त्याच महिन्यात सातवं लागलं म्हणून त्याच्या बाबांना त्याचा राग आला होता.)


खिडकीची_सीट

बापरे, माझ्या सल्ल्याची चांगलीच धुलाई झाली. पण मावसभाऊ गेला आणि आला, एवढं खरं आहे हो.


निवृत्त_खातेवही

आला ना, चांगलं झालं. कुठल्या देशाचा व्हिसा होता आणि उतरला कुठे?


खिडकीची_सीट

काढला ग्रीसचा. उतरला ॲमस्टरडॅमला. आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, तिथे त्याला तासभर बाजूला बसवून ठेवलं होतं. ग्रीसचं तिकीट कुठाय, हॉटेल कुठाय. एजंटानं दिलेलं बुकिंग त्यांनी तिथल्या तिथे तपासलं, ते कधीच रद्द झालेलं. शेवटी बायकोनं मोबाईलवरून खरंखुरं हॉटेल बुक केलं आणि सोडलं. घरी हा भाग तो सांगत नाही. मला त्याच्या बायकोनं सांगितला.


निवृत्त_खातेवही

स्टिकर म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते सीमेवरचा माणूस ठरवतो आणि त्याला हेच सगळे कागद पुन्हा मागता येतात. मावसभावाच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

रिकामी बॅग, विमानाचं तिकीट व्हिसाआधी पक्कं विकत घेऊ नकोस. आरक्षण पुरतं. फक्त ते अर्ज तपासला जाईपर्यंत जिवंत राहील असं घे. काही आरक्षणं दोन दिवसांत आपोआप गळून पडतात. पासपोर्टही एकदा बघून घे. परतीनंतर निदान तीन महिने मुदत, दहा वर्षांच्या आत दिलेला आणि दोन कोरी पानं.


रिकामी_बॅग

पाच महिन्यांनी परत आलेय. मध्ये आळस नव्हता, कागद गोळा करत होते.

मेरीची भेट तीन आठवड्यांनी मिळाली. मैत्रीण बाळाला कडेवर घेऊन गेली. खिडकीतल्या बाईंनी भाडेकरार पाहिला, पगाराचे कागद पाहिले, घर किती चौरस मीटरचं आहे विचारलं. पाहुणी मावते का ते बघतात म्हणे! नंतर विचारलं, विमा कोण काढणार, तू की ती? पत्रावर त्याचीही नोंद असते. सही करायच्या आधी मैत्रिणीनं माझा पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा वाचून पडताळला आणि बरं झालं, कारण शेवटून दुसरा आकडा चुकला होता. तोच कागद माझ्याकडे आला असता तर मी पुन्हा इथे रडत बसले असते. मूळ पत्र टपालानं यायला अकरा दिवस लागले. पाकिटावर बाळानं पेनानं गिरगोटलं होतं, ते तसंच जपून ठेवलंय.

दादाचे पैसे परत केले. काकांच्या आकड्यांनी खर्च मांडला तर माझ्या शिलकीत सहज बसत होता. इतके दिवस मी कशाला घाबरत होते कोण जाणे. ज्यांच्यासाठी सहा वर्षं पुस्तिका करते त्यांनी पत्र दिलं, २५ सप्टेंबरला पुढचं काम द्यायचंय असं स्पष्ट लिहून. बिलांवर मार्करही फिरवला. कव्हर लेटर दीड पानाचं झालं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की मी मैत्रिणीला आणि तिच्या बाळाला भेटायला जातेय, मागच्या अर्जात हे लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. फॉर्ममध्ये बोलावणाऱ्या व्यक्तीच्या नावाचा रकाना होताच. गेल्या वेळी मी त्यात हॉटेल कोंबलं होतं.

आणि काल मिळाला! अर्ज दिल्यापासून बाराव्या दिवशी. या वेळी पाकिटात घडी घातलेला कागद नव्हता, तरी सवयीनं आधी तोच शोधला.

आता स्टिकर वाचता येत नाहीये. मुदत ४ सप्टेंबरपासून १ ऑक्टोबरपर्यंत. मुक्कामाचे दिवस १३. प्रवेशांची संख्या ०१. प्रवास आधीसारखाच, फक्त महिना बदलला: ४ ला सकाळी पॅरिस, १६ ला रोम सोडायचं. मग १ ऑक्टोबरपर्यंत राहता येतं का? आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तर तिथून इटलीत जाणं हा दुसरा प्रवेश धरतील का? आणखी एक. स्वस्त पडतं म्हणून परतीचं विमान १७ ला रात्री १२:३५ चं घेऊ म्हणतेय, म्हणजे १६ चीच रात्र ना?


निवृत्त_खातेवही

अभिनंदन! पेढे उधार.

१ ऑक्टोबरपर्यंत राहायचं नाही. तारखा म्हणजे खिडकी, १३ म्हणजे त्या खिडकीत किती दिवस बसायचं. प्रवास पुढेमागे झाला तर अडायला नको म्हणून मुक्कामाच्या दिवसांवर पंधरा दिवसांची सूट धरून मुदत देतात. १३ आणि १५ मिळून २८, मोजून बघ, ४ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर बरोबर २८ दिवस होतात. मी मोजले.

स्वित्झर्लंड युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, तेव्हा इंटरलाकेनहून व्हेनिसला जाणं घरातल्या घरात. मैत्रिणीच्या आग्रहाला बळी पडून दोन दिवस लंडनला मात्र जाऊ नकोस. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेलच, शिवाय बाहेर पडलीस की तुझा तो ०१ संपला.

विमानाचं मला पटत नाही. उतरल्याचा दिवस पूर्ण धरतात आणि निघण्याचाही. ४ ते १६ मोज, तेरा झाले, एकही शिल्लक नाही. विमान १२:३५ चं असलं तरी पासपोर्टाची खिडकी तू कधी ओलांडतेस ते बघतात. अकराला ओलांडलीस तर १६ तारीख. रांग लांबली आणि बारा वाजून गेले तर चौदावा दिवस. पूर्वी निदान शिक्क्याची शाई पुसट असायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी येण्याजाण्याची नोंद टप्प्याटप्प्यानं संगणकावर घ्यायला सुरुवात केली, आणि संगणक बोटं मोजताना चुकत नाही. स्वस्त पडतं म्हणून इतकं सगळं केलेलं पणाला लावू नकोस.


दोन_मुलं_तीन_बॅगा

काकांना अनुमोदन. दुपारचं घ्या. आणि ते मूळ पत्र, विमा, हॉटेलांचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. मावसभाऊ आठवा.


खिडकीची_सीट

मावसभावाला आता तरी सोडा! अभिनंदन, रिकामी बॅग.


रिकामी_बॅग

दुपारी ३:१० चं घेतलं. थोडे जास्त पडले, पण काल रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.


निवृत्त_खातेवही

उत्तम. आमच्या घरून एक प्रश्न आहे, माझा नाही. तेरा दिवस मांजर कोणाकडे?


रिकामी_बॅग

दादाकडे. पैसे परत घेताना कुरकुरला होता, मांजर मात्र लगेच घेतलं.